अर्ज मराठीत, पोच हातात

(गल्लीतल्या मुलामुलींच्या बैठकीत बोललेलं, थोडं नीट करून इथे देतोय.)



मला सीमाप्रश्नावर बोला म्हणून बोलावलंय. खरं मी आज गटारीवर, घरपट्टीवर आणि नगरसेवकावर बोलणार आहे. हसा, हसा. हुतात्मा दिन १७ जानेवारीला असतो हे तुम्हाला पाठ आहे. काळ्या दिनाच्या फेरीत तुम्ही पुढे असता. सर्वोच्च न्यायालयातला दावा २००४ चा, हेही माहीत आहे. पण इथं बसलेल्यांपैकी आपला वॉर्ड नंबर कितीजणांना सांगता येईल? मघाशी दाराजवळ सहाजणांना विचारलं. आमदाराचं नाव सगळ्यांनी सांगितलं, वॉर्ड नंबर दोघांनी.

बेळगावात ५८ वॉर्ड आहेत. आणि बेळगावची महापालिका ही कधीच नुसती दिवाबत्ती आणि झाडलोटीची कचेरी नव्हती. २००५ साली सभागृहाने महाराष्ट्रात जाण्याचा ठराव केला. महापौर विजय मोरे यांच्या तोंडाला बेंगळुरात काळं फासलं गेलं आणि पुढे महापालिकाच बरखास्त झाली. २०११ च्या डिसेंबरात परत बरखास्ती. तुमच्यातले काहीजण तेव्हा अंगणवाडीत असतील. हा इतिहास आपण अभिमानाने सांगतो, सांगायलाच पाहिजे. पण त्याची दुसरी बाजू फारसं कोणी बोलत नाही. सभागृह नसतं तेव्हा वॉर्डाचं काय होतं?

मागचंच बघा. आधीच्या सभागृहाची मुदत २०१९ च्या मार्चमध्ये संपली. मतदान झालं सप्टेंबर २०२१ मध्ये. आणि महापौर निवडला गेला फेब्रुवारी २०२३ मध्ये! म्हणजे निवडून आलेले लोक सतरा महिने नुसते निवडून आलेलेच होते. जवळजवळ चार वर्षं सगळा कारभार अधिकाऱ्यांच्या हातात. अधिकारी वाईट असतात असं मी म्हणत नाही, काहीजण फार चांगले भेटलेत. पण अधिकाऱ्याची बदली होते. त्याला आपल्या गल्लीतून मत मागायला यायचं नसतं. रात्री अकराला गटार तुंबून घरात पाणी आलं तर त्याच्या दारात जाऊन हाक मारता येत नाही. नगरसेवकाला मारता येते. पक्ष कुठलाही असू दे.

२०२१ ला पहिल्यांदा पक्षाच्या चिन्हावर निवडणूक झाली. भाजपने ५८ पैकी ३५ जागा घेतल्या, समितीच्या वाट्याला हाताच्या बोटांवर मोजण्याइतक्या आल्या. त्यावर चहाच्या टपरीपासून लग्नाच्या पंगतीपर्यंत भरपूर चर्चा झालीय, मी त्यात भर घालत नाही. एवढंच बघा की आज सभागृहात बसणारे बरेच नगरसेवक घरात मराठीच बोलतात. निवडणुकीत पत्रक मराठीत वाटतात, गणपतीला शुभेच्छांचा फलक मराठीत लावतात. मग निवडून आल्यावर त्यांच्याशी लेखी व्यवहार मराठीत करायला आपल्याला कोण अडवतंय? समितीच्या नगरसेवकांनी सभेची विषयपत्रिका मराठीत मागायची आणि बाकीच्यांनी छताकडे बघायचं, हे किती दिवस चालणार? त्यांना मागायला लावणारा मतदार वॉर्डात पाहिजे की नको?

आता नगरसेवकाचं काम. सगळ्याला त्याला धरून चालत नाही, हे आधी समजून घ्या. वीज गेली तर हेस्कॉम. मोठे रस्ते कधी सार्वजनिक बांधकाम खात्याचे, कधी स्मार्ट सिटीच्या कंपनीचे. लेआउटचा घोळ असेल तर बुडा. पाण्याचं तर आणखी वेगळं. राकसकोप आणि हिडकलचं पाणी घरात येतं त्याची व्यवस्था वेगळी, चोवीस तास पाण्याची योजना वेगळी. ती योजना २००८ पासून दहा वॉर्डांत आहे आणि उरलेले ४८ वॉर्ड किती वर्षं वाट बघतायत ते तुमच्या आयांना विचारा. मग नगरसेवकाकडे राहिलं काय? भरपूर राहिलं. कचरा, गटार, गल्लीतला रस्ता, पथदीप, बाग, घरपट्टी, आणि मुख्य म्हणजे अंदाजपत्रक. महापौर एका वर्षाचा असतो, आयुक्त सरकारने नेमलेला. पैसा कुठल्या वॉर्डात किती जाणार यावर तोंड उघडायचा हक्क नगरसेवकाचा. चार स्थायी समित्या असतात: कर आणि अर्थ, आरोग्य आणि शिक्षण, नगररचना, लेखा. आपला नगरसेवक त्यातल्या कुठल्या समितीत आहे हे विचारा एकदा. प्रश्न ऐकूनच तो सावरून बसतो, हा माझा अनुभव.

काही विषय एका वॉर्डाच्या कवेत मावत नाहीत. बळ्ळारी नाला घ्या. पावसाळ्यात तो तुंबला की शहापूर, वडगाव, अनगोळच्या शिवारात पाणी शिरतं आणि लावलेलं भात कुजतं. तिथे एका नगरसेवकाने जेसीबीसमोर उभं राहून फोटो काढून भागत नाही. चार-पाच वॉर्डांच्या लोकांनी एकत्र उठून सभागृहात विषय लावायला लागतो. शेतकरी आणि त्यांच्या पोरांनी मागे लागल्याशिवाय ते होत नाही.

आता भाषेकडे येतो. आमच्या गल्लीत एक अक्का राहतात, एकट्या. दोन वर्षांमागे त्यांना घरपट्टीची एक नोटीस आली, पूर्ण कन्नडमध्ये. अक्कांना वाचता येईना. कोणीतरी सांगितलं, घर जातंय. दहा दिवस त्यांनी तो कागद उशीखाली ठेवला, कोणाला दाखवला नाही. शेवटी शेजारच्या कॉलेजातल्या मुलीने वाचला. मागच्या वर्षाचा थोडा फरक भरायचा राहिला होता, बाकी काही नाही. अक्का रडायला लागल्या. रक्कम सांगितली तर तुम्हाला वाईट वाटेल, म्हणून सांगत नाही.

तेव्हा आम्ही मराठीत अर्ज लिहिला की या बाईंना मजकूर त्यांच्या भाषेत समजावून द्यावा. एका कार्यालयातल्या टेबलावर तो परत सरकवला गेला. ‘कन्नडात घेऊन या.’ मी भांडलो नाही. खिशात एक छापील कागद होता, तो पुढे ठेवला. राज्यघटनेचं कलम ३५०. गाऱ्हाण्याचा अर्ज कोणाही माणसाला, कुठल्याही अधिकाऱ्याकडे, केंद्रात किंवा त्या राज्यात वापरल्या जाणाऱ्या कुठल्याही भाषेत देता येतो. मराठी या राज्यात वापरली जाते की नाही? साहेबांनी कागद दोनदा वाचला. शिक्का मारून पोच दिली.

आता यातली खोच नीट समजून घ्या, नाहीतर उद्या कुठेतरी तोंडावर पडाल. कलम ३५० ने अर्ज मराठीत देण्याचा हक्क मिळतो. उत्तर मराठीतच द्या असं ते कलम म्हणत नाही. माहिती अधिकाराचंही वेगळं. तो अर्ज इंग्रजी, हिंदी किंवा त्या भागाच्या राजभाषेत, म्हणजे आपल्याकडे कन्नडमध्ये करायचा असतो. शिवाय कर्नाटकाच्या नियमात एका अर्जात एकच विषय आणि दीडशे शब्दांची मर्यादा. तिथे मराठीसाठी हट्ट धरला तर अर्ज फेटाळायला त्यांना आयतं निमित्त मिळतं. आणि पंधरा टक्क्यांचा जो मुद्दा आपण सभेत ऐकतो, म्हणजे तेवढे भाषिक अल्पसंख्याक असतील तिथे महत्त्वाच्या सूचना त्यांच्या भाषेतही प्रसिद्ध व्हाव्यात, तो केंद्राने आखलेल्या संरक्षण योजनेतला आहे. मागणारा सतत मागत असेल तरच ती योजना हलते. आणि मागितलंय हे दाखवायला कागद लागतो. शंभर घोषणांनी जे सिद्ध होत नाही ते शिक्का मारलेल्या शंभर अर्जांनी होतं. भाषिक अल्पसंख्याक आयुक्तांकडे जायचं झालं तरी पहिला प्रश्न तोच येतो: पुरावा काय?

म्हणून साधी गोष्ट करूया. दिवा बंद, अर्ज. कचरा गाडी आली नाही, अर्ज. मराठीत, तारीख घालून, दोन प्रती. एकीवर पोच घ्यायची. तिसरी नगरसेवकाच्या घरी. व्हॉट्सॲपवर फोटो टाकून ‘काका बघा की जरा’ म्हटलं की दिवा कदाचित लागेलही, खरं मराठीत मागितल्याची नोंद कुठंच राहत नाही.

आणखी एक. कायद्यात वॉर्ड समिती म्हणून गोष्ट आहे, ७४ व्या घटनादुरुस्तीनंतर आलेली. नगरसेवक अध्यक्ष आणि वॉर्डातले दहा सदस्य. त्यात किमान तीन महिला, दोन अनुसूचित जाती-जमातीचे, दोन रहिवासी संघटनांचे. आमच्या पिढीला गल्लीचे पंच माहीत. भांडण मिटवणं, देवळाचा हिशोब, सगळं पंच बघायचे आणि अजून बघतात. वॉर्ड समिती त्याच्यासारखीच समजा, फक्त हिच्या मागे कायदा आहे. आपली मंडळं आहेत, वाचनालयं आहेत, महिला मंडळं आहेत. त्यातल्या किती मुलींनी या समितीसाठी नाव दिलंय? नगरसेवक आपल्याच कार्यकर्त्यांची नावं घालणार, हे उघड आहे. आपण नावच दिलं नाही तर त्याचं कामच सोपं करतो.

मंडळाच्या खोलीत एक फाईल ठेवलीय, निळी. आतापर्यंत त्यात एकवीस अर्ज आहेत, नऊ जणांना उत्तर आलंय, सगळी उत्तरं कन्नडमध्ये. बुधवारी संध्याकाळी सातला ती उघडून बसतोय. ज्यांना शाळेत कन्नड चांगलं आलंय त्यांनी आधी या. उत्तर वाचून गल्लीतल्या लोकांना मराठीत सांगायचंय, आणि अक्कांचा कागद पहिला.