दाढ तडकली, म्हणून काढायलाच हवी का?

(मदतनीसांच्या मेळाव्यात केलेले भाषण)



पाड्यांवरच्या आरोग्याविषयी आपण कुपोषण, सर्पदंश, बाळंतपण यांबद्दल नेहमी ऐकता. आज मी तडकलेल्या दाढेविषयी बोलणार आहे.

भाकरीत खडा येतो, कोणी दातांनी सुपारी फोडतो, कोणी बाटलीचे झाकण उघडतो, आणि दाढेला तडा जातो. तो आरशात दिसत नाही. पुष्कळदा एक्स-रेमध्येही दिसत नाही. घास चावून दाब सोडताना कळ येते, गार पाणी झोंबते. मग दुखणे थांबते आणि माणूस कामाला लागतो. पण मोडलेले हाड जुळते, तशी तडकलेली दाढ जुळत नाही. रोजच्या चावण्याने तडा खोल जात राहतो.

उपचार कोणता, हे तडा किती खोल गेला यावर ठरते. वरच्या कवचावरच बारीक रेघा असतील, तर बहुधा काहीच करावे लागत नाही. कोपरा तुटला असेल, तर सिमेंट भरून किंवा कॅप बसवून भागते. तडा आत गेला, पण नसेपर्यंत पोचला नाही, तर कॅप दाढेला घट्ट धरून ठेवते. नस दुखावली असेल, तर आधी रूट कॅनाल, मग कॅप. दाढ मुळापर्यंत दुभंगली, तरच बहुधा काढावी लागते. म्हणजे जितके लवकर जाल, तितका दाढ वाचण्याचा संभव अधिक.

मग आमच्या पाड्यांवर दाढ काढण्याचाच मार्ग का धरला जातो? मागच्या पावसाळ्यानंतर मी एका मावशींना तालुक्याच्या गावी नेले. डॉक्टर म्हणाले, “दाढ वाचेल, पण तीन वेळा यावे लागेल.” मावशींनी मला विचारले, “दीदी, काढायला किती वेळा?” मी म्हणाले, “एकदाच.” “मग काढा.” प्रत्येक खेपेला जीपचे भाडे आणि एक दिवसाची मजुरी जाते. मावशींचा हिशेब चुकीचा नव्हता. तीन खेपा त्यांना परवडणाऱ्या नव्हत्या. आज त्या एकाच बाजूने चावतात.

म्हणून आपणाकडे माझे मागणे साधे आहे. जिल्हा रुग्णालयात दंतविभाग असतो. तिथे जायचा पहिला दिवस लोक कसाबसा काढतात. दुसऱ्या आणि तिसऱ्या खेपेचे भाडे व बुडालेली मजुरी यांचा भार आपण उचलावा. कॅपचा खर्च निराळा येतो, त्यालाही हातभार लागला तर बरे.

आणि आपल्या घरीही हे लक्षात ठेवा. चावताना कळ आली, तर त्या बाजूने चावू नका, कोमट मिठाच्या पाण्याने चुळा भरा आणि त्याच आठवड्यात डॉक्टरांना दाखवा. हिरडीवर गोळी दाबून ठेवू नका, त्याने हिरडी भाजते. दुखायचे थांबले, तरी दाखवाच. चेहरा सुजला, ताप आला, तोंड उघडेना किंवा गिळता येईना, तर सकाळची वाट न पाहता रुग्णालय गाठा.

पाड्यावरच्या माणसालाही दाढ ठेवायची की काढायची हे दुखण्यावरून ठरवता यावे, जीपच्या भाड्यावरून नव्हे. एवढेच मला सांगायचे होते.