कोण आधी ओरडलं?

नागझिऱ्याच्या जंगलात जिप्सी थांबवून कान देणारे गाईड तुम्ही पाहिले असतील. शेंड्यावरून वानर खकारतं, मागोमाग चितळ ओरडतं, मग सांबराचं 'पोंक' येतं. आवाज तीन, बिबट्या एकच. म्हणून गाईड आवाज मोजत बसत नाही. कोण आधी ओरडलं आणि ओरड कुठल्या बाजूला सरकतेय, याकडे त्याचं लक्ष. चितळाचं तो फारसं मनावर घेत नाही, ते पान हललं तरी ओरडतं. सांबर ओरडलं की मात्र गाडी वळते.

नागझिऱ्याच्याच गोंदिया जिल्ह्यात तिरोड्याला ६६० मेगावॉटच्या ५ संचांचं औष्णिक वीज केंद्र आहे. अशा कुठल्याही केंद्रात बॉयलरचा धूर ओढणारा एक आयडी फॅन ट्रिप झाला, की भट्टीतला दाब हलतो, इंटरलॉकमुळे जोडीचा, हवा आत ढकलणारा एफडी फॅन थांबतो, कोळशाच्या मिल बंद कराव्या लागतात, लोड उतरतो. प्रत्येक पायरीला वेगळा अलार्म. डेस्कवरच्या इंजिनिअरला मात्र हवं असतं पहिलंच कारण.

अलार्मच्या गर्दीत तेच हरवू शकतं. २४ जुलै १९९४ रोजी वेल्समधल्या मिलफर्ड हेवनच्या तेलशुद्धीकरण कारखान्यात स्फोट झाला. त्याआधीच्या जेमतेम ११ मिनिटांत ऑपरेटरांपुढे २७५ अलार्म आले होते. म्हणजे दर दोन-अडीच सेकंदांना एक! बंद असलेला एक व्हॉल्व्ह पडद्यावर उघडा दिसत होता, हे त्या गलक्यात कोण हेरणार?

उपाय जुन्या नोंदींतच असतो. कुठला अलार्म किती वाजता आला, हे यंत्रणा टिपून ठेवते. त्यातून आधी मर्यादेच्या काठावर रेंगाळत पुन्हा पुन्हा वाजणारे वाचाळ अलार्म चाळून टाकायचे. हीच इथली चितळं. मग कोणते दोन अलार्म जोडीने येतात ते पाहायचं. इथे एक गोम आहे. बहुतेक अलार्म बहुतेक वेळ गप्पच असतात. दोघेही गप्प असलेले क्षण साम्य म्हणून धरले, तर कारखान्यातले सगळेच एकमेकांचे सोयरे ठरतील! म्हणून दोघांपैकी एक तरी वाजला तेवढेच प्रसंग घ्यायचे, आणि त्यांतल्या किती वेळा दोघेही वाजले ते बघायचं. तेही थोडी ढील देऊन, कारण दाब क्षणात बदलतो, पण जाड धातूचं तापमान चढायला वेळ लागतो.

जोडी सापडली म्हणजे कारण सापडलं असं नाही. दोघांच्या मागे तिसराच कुणी असू शकतो. खरं कारण कोणतं, ते नळ्या आणि व्हॉल्व्हचा नकाशा पुढ्यात घेऊन, शिफ्टमधल्या जुन्या माणसाला विचारूनच ठरवावं लागतं. नुसत्या आकड्यांवर अलार्म बंद करण्याच्या मी विरोधात आहे. त्यांना पडद्यावर एका गटात बांधा, मूळ कारण वर ठेवा, बाकीचे त्याखाली.

गट बांधल्याचा आणखी एक फायदा आहे. नेहमी जोडीने येणाऱ्यांपैकी एखाद्या रात्री एकटाच वाजला, तर एकतर सेन्सर बिघडलाय, नाहीतर संचात काही नवंच घडतंय. अशा वेळी शिफ्ट इंजिनिअरने फोन उचलून माणूस जागेवर पाठवावा.