नव्या वर्षाची वही

जून उजाडला की शिक्षकाच्या घरात नव्या वहीचा वास दरवळू लागतो. महाराष्ट्रात महिन्याच्या मध्यास शाळा उघडतात; विदर्भात उन्हामुळे आणखी काही दिवसांनी. सुट्टीत आपण काय वाचले आणि येत्या वर्षी काय साधावयाचे, हे वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवण्याची माझी जुनी सवय आहे. गेल्या वर्षी त्या पानावर मी बारा संकल्प लिहिले होते. त्यांतील एकही वाईट नव्हता; परंतु दिवाळीपूर्वीच वही कपाटात गेली.

पुढे मार्चमध्ये एक प्रसंग घडला. पाचवीच्या माझ्या वर्गातील एक मुलगी मराठीचे धडे मोठ्या झोकात वाचीत असे. एके दिवशी तिच्या धाकट्या भावाने घरून चिठ्ठी आणली. "वाच पाहू," मी म्हटले. ती कागदाकडे पाहत नुसती उभी राहिली. वर्षभर ती धडे वाचीत नव्हतीच. इतरांचे ऐकून पाठ म्हणत होती, आणि मी तिला शाबासकी देत होते! वर्ष संपले, ती सहावीत गेली. त्या वर्गाला मराठी मीच शिकविणार आहे, एवढाच काय तो दिलासा.

यंदाच्या सुट्टीतील माझे सारे वाचन त्या चिठ्ठीपाशी येऊन थांबले. भावनगरला १९२० साली बालमंदिर सुरू करणाऱ्या गिजुभाई बधेकांचे 'दिवास्वप्न' मी पुन्हा उघडले. त्यातील शिक्षक चौथीचा वर्ग प्रयोगासाठी मागून घेतो. पहिल्याच दिवशी शांततेचा खेळ मांडतो आणि सपशेल फसतो. दुसऱ्या दिवशी तो गोष्टी सांगू लागतो. पूर्वी मला त्या गोष्टींचेच कौतुक वाटे. या वेळी जाणवले ते असे की, फसल्यावर त्याने मुलांना दोष दिला नाही. आपला बेत बदलला.

दुसरे पुस्तक इटलीतले. फ्लॉरेन्सजवळच्या डोंगरात बार्बियाना नावाची वस्ती आहे. तेथे लोरेन्झो मिलानी या धर्मगुरूने चालविलेल्या शाळेतील आठ मुलांनी एका शिक्षिकेस लिहिलेले दीर्घ पत्र १९६७ साली प्रसिद्ध झाले. शाळा नापास करून ज्यांना बाहेर घालविते, ती मुले बहुतांशी गरिबांचीच असतात, हे त्यांनी आकडे मांडून दाखविले. मी तर कुणाला नापास केले नव्हते. पण वाचता न येणाऱ्या मुलीस पुढच्या वर्गात ढकलणे, हीसुद्धा एक प्रकारची गळतीच नव्हे काय?

तिसरे वाचन ताराबाई मोडकांच्या कार्याविषयीचे. बोर्डीस १९४५ साली त्यांनी काम आरंभिले आणि १९५७ साली ते कोसबाडच्या टेकडीवर नेले. आदिवासी मुले शाळेत येईनात, तेव्हा ताराबाई आणि अनुताई वाघ यांनी शाळाच मुलांच्या अंगणात नेली. गुरे राखणाऱ्या मुलांसाठी ती कुरणावरही भरविली. माझी विद्यार्थिनी तर रोज माझ्यासमोर बाकावर बसत होती. तिच्यापर्यंतचे ते चार पावलांचे अंतर मी चालून गेले नाही.

म्हणून यंदा पहिल्या पानावर तीनच संकल्प आहेत. पहिला : वर्गात बेचाळीस मुले आहेत. रोज तिघांना जवळ बसवून, त्यांनी पूर्वी न पाहिलेला मजकूर एकेकाकडून वाचून घ्यायचा. चौदा दिवसांत वर्ग पुरा होतो. दुसरा : मागे राहिलेल्यांसाठी रोज अर्धा तास, आणि तोही शाळेच्या वेळातच, त्यांच्यावर 'कच्ची मुले' असा शिक्का न मारता. तिसरा : वर्गात गोष्टींच्या पुस्तकांची एक पेटी ठेवायची, आणि वाचून झाल्यावर त्यावर प्रश्न विचारायचे नाहीत.

वहीच्या डाव्या पानावर पुस्तकात वाचलेले लिहावयाचे, उजव्या पानावर त्याचे वर्गात काय झाले ते. उजवे पान कोरे राहिले, तर डावे पान नुसती हौस ठरेल. आपल्यापैकी जे शिक्षक आहेत, त्यांनाही हा हिशेब करून पाहण्यासारखा वाटेल.

दिवाळीच्या सुट्टीपूर्वी त्या मुलीने घरून आलेली एखादी चिठ्ठी मला वाचून दाखवावी, एवढीच माझ्या यंदाच्या वाचनाची परीक्षा. ती मुलीची नाही, माझी आहे.