मांडी कीं आसन?

आईच्या मांडीइतकी सुरक्षित जागा मुलाला जगांत दुसरी नाहीं, अशी घरोघरची समजूत आहे. घरांत ती खरी आहे. परंतु धांवत्या मोटारींत ती खरी राहत नाहीं. ही गोष्ट ध्यानांत येण्यास कायदे करणाऱ्या मंडळींनाही वेळ लागला.

अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांपैकीं टेनेसी येथें डॉ. रॉबर्ट सँडर्स नांवाचे बालरोगतज्ज्ञ होते. लहान मुलांना मोटारींत खास आसनांत बांधून बसवावें, यासाठीं त्यांनीं कायदेमंडळाकडे चिकाटीनें खटपट केली. १९७७ सालीं चार वर्षांखालील मुलांसाठीं तसा कायदा संमत झाला आणि १ जानेवारी १९७८ पासून तो अंमलांत आला. असा कायदा करणारें टेनेसी हें त्या देशांतील पहिलें संस्थान. मात्र त्यांत एक पळवाट राहिली: मूल मोठ्या माणसानें हातांत धरलें असेल, तर आसनाची सक्ती नव्हती! कायदेमंडळालाही मांडीचा मोह सुटला नाहीं. अखेर १९८१ सालीं ती सवलत रद्द झाली. आणि १९८५ पर्यंत तेथील सर्व संस्थानांत मुलांच्या आसनांचे कायदे झाले.

या सवलतींत दोष कोणता होता? ताशीं ५० किलोमीटर वेगानें जाणारी मोटार कशावर तरी आदळली, तर गाडी थांबते. पण आंतलें मूल त्याच वेगानें पुढें जातें. हा वेग सुमारें १० मीटर उंचीवरून, म्हणजे तिसऱ्या मजल्यावरून, खालीं पडलेल्या वस्तूच्या वेगाएवढा असतो. अशा वेळीं दहा किलो वजनाचें मूल हातांत धरून ठेवणें पहिलवानालाही शक्य नाहीं. आईनें स्वतः पट्टा बांधला नसेल, तर तिच्याच देहाचा भार मुलावर येतो. आणि एकाच पट्ट्यांत दोघांना गुंडाळलें, तरी तोच धोका राहतो.

पुढच्या जागेचा प्रश्न याहून निराळा आहे. तेथें समोर हवेची पिशवी असते. आघात होतांच ती निमिषार्धांत फुगते. मोठ्या माणसाला ती तारते, परंतु लहानग्याला तिचाच तडाखा प्राणघातक ठरूं शकतो. म्हणून तान्ह्या मुलाचें मागें तोंड असलेलें आसन, पिशवी चालू असतां, पुढें कधींही ठेवूं नये. आणि तेरा वर्षें पुरीं होईपर्यंत मुलांनीं मागेंच बसावें, असा अमेरिकेंतील वाहतूक-सुरक्षा खात्याचा सल्ला आहे.

आपल्या देशांतही २०१९ सालीं मोटार वाहन कायद्यांत दुरुस्ती होऊन त्यांत १९४-ब हें कलम आलें. चौदा वर्षांखालील मुलाला पट्ट्यानें अथवा बालआसनांत न बांधतां गाडी चालविल्यास त्यान्वयें एक हजार रुपये दंड होतो. पुढें कोणत्या वयांत बसावें, हें मात्र तें कलम सांगत नाहीं. तो निर्णय घरांतील वडीलधाऱ्यांचा आहे.

आसनांत बांधल्यावर मूल प्रारंभीं रडेल, हट्टही करील. शाळेच्या पहिल्या दिवशींही तें रडतेंच. म्हणून कोणी त्यास जन्मभर घरीं ठेवीत नाहीं.