शहराची वाट आणि घराचे दार

(संस्थेच्या पालक-विद्यार्थी मेळाव्यात केलेले भाषण)





दहावी-बारावीचे निकाल लागले की भोर आणि वेल्ह्याकडच्या आपल्या घराघरांत एकच विषय निघतो. पुढच्या शिक्षणासाठी पुण्याला पाठवायचे की नाही? मुलगा असला तर प्रश्न असतो ‘राहणार कुठे?’ आणि मुलगी असली तर प्रश्न असतो ‘जायचेच कशाला?’ पहिल्या प्रश्नामागे काळजी आहे. दुसऱ्या प्रश्नामागेही काळजीच आहे, पण ती काळजी कधी कधी मुलीचे शिक्षण संपवूनच थांबते. म्हणून मोठ्या शहरात आपल्या मुलांनी सुखरूप कसे वावरावे, या विषयावर चार शब्द बोलण्याची आज्ञा अध्यक्षांनी केली, तेव्हा मी ती आनंदाने मान्य केली. मी स्वतः या वाटेने गेलो आहे आणि ठेचही खाल्ली आहे.

आपण डोंगरातली माणसे. वेल्ह्याच्या पोराला तोरणा चढताना भीती वाटत नाही. का वाटत नाही? तोरणा काही सोपा नाही. पण त्याला ठाऊक असते की पावसात कोणती वाट निसरडी होते, धुके उतरले की कुठे थांबावे, आणि दिवस मावळायच्या आत खाली यावे. तो निघताना घरी सांगून निघतो. वाट चुकली तर गुराख्याला विचारतो. हे शहाणपण त्याला कुणी पुस्तकातून शिकवले नाही. आधी मोठ्यांबरोबर चार वेळा गेला, मग एकटा जाऊ लागला. शहराचेही असेच आहे. भीती अनोळखीपणाची असते आणि ओळख पायी चालून होते.

नुसत्या नावावरून कोणत्याही भागाविषयी मत करून घेऊ नये. एक उदाहरण देतो. बुधवार पेठेचे नाव काढले की आपल्याकडची वडीलधारी माणसे कपाळाला आठ्या घालतात, आणि का घालतात ते आपण सारे जाणतो. पण अहो, त्याच बुधवार पेठेत अप्पा बळवंत चौक आहे. शाळा-कॉलेजची नवी-जुनी पुस्तके घ्यायला सारा जिल्हा तिथे जातो. तुळशीबागही तिथेच. आणि जोतीराव-सावित्रीबाई फुल्यांनी १८४८ साली मुलींची शाळा सुरू केली तो भिडे वाडाही याच पेठेत होता. एका पेठेत पुस्तकांची गल्ली असते, भांड्यांची असते, आणि रात्री जाऊ नये अशीही गल्ली असते. ‘पुणे वाईट आहे’ किंवा ‘पुणे चांगले आहे’ असे सरसकट बोलण्याला काही अर्थ नाही. कोणती गल्ली, कोणती वेळ आणि बरोबर कोण, हे तीन प्रश्न विचारावे.

सावित्रीबाईंची गोष्ट आपण शाळेत शिकवतो. त्या शाळेत जाऊ लागल्या की लोक शेणमाती फेकत, आणि त्या दुसरे लुगडे बरोबर ठेवत. शहराच्या रस्त्यावरून चालण्याचा त्रास बाईला तेव्हाही होता. त्यांनी तयारी केली, पण वाट सोडली नाही. फातिमा शेख यांचे नाव त्यांच्याबरोबर घेताना आपल्याला अभिमान वाटतो. तो अभिमान जयंतीपुरता न ठेवता आपल्या मुलीला एसटीचा पास काढून देण्यापर्यंत यावा, एवढीच माझी विनंती.

आता आपल्या नेहमीच्या वाटेचे सांगतो. भोरहून निघालेली एसटी कापूरहोळ, खेड शिवापूर, कात्रज करीत सुमारे पन्नास किलोमीटरवर स्वारगेटला पोचते. आपल्यापैकी बहुतेकांचे पुणे स्वारगेटलाच सुरू होते. आता तर २९ सप्टेंबर २०२४ पासून स्वारगेटहून मेट्रोही धावते आणि थेट पिंपरी-चिंचवडपर्यंत जाता येते. सोय वाढली, तशी गर्दीही वाढली.

याच स्वारगेट स्थानकात २५ फेब्रुवारी २०२५ रोजी पहाटे जे घडले ते आपण सर्वांनी वाचले आहे. फलटणला निघालेली एक तरुणी गाडीची वाट पाहत होती. एक माणूस आपणहून जवळ आला, ‘ताई’ म्हणाला, तुमची गाडी इथे लागत नाही, तिकडे लागली आहे असे सांगून तिला उभ्या असलेल्या रिकाम्या बसकडे घेऊन गेला आणि तिच्यावर अत्याचार केला. पुढे तो पकडला गेला. पण त्या दिवसानंतर किती तरी घरांत मुलींचे पुण्याला जाणे थांबवण्याची भाषा सुरू झाली. मला विचाराल तर त्या मुलीची काही चूक नव्हती. ती सार्वजनिक स्थानकात उभी होती, सरकारी गाडीची वाट पाहत होती. तिच्या जागी आपण असतो तर आपणही विश्वास ठेवला असता. म्हणून दोष तिला न देता तिच्यावर बेतलेल्या प्रसंगातून आपण एक गोष्ट शिकावी.

ती गोष्ट अशी. आपण ज्याला विचारतो तो माणूस वेगळा, आणि जो आपणहून सांगायला येतो तो माणूस वेगळा. वाट विचारायची तर आपण माणूस निवडावा. स्थानकावरची चौकशी खिडकी, गणवेशातला कंडक्टर, मुलाबाळांसह बसलेले कुटुंब, दुकानात गल्ल्यावर बसलेला दुकानदार, भाजीवाली मावशी, यांना विचारावे. ही माणसे आपल्या जागेवर बसलेली असतात, उद्याही तिथेच सापडतील. आपणहून आलेला माणूस भला असू शकतो, नव्हे, बहुधा भलाच असतो. त्याचे आभार मानावेत, पण त्याच्या मागे जाण्याआधी खिडकीवर एकदा विचारून घ्यावे. भल्या माणसाला त्याचा राग येत नाही. ज्याला राग येतो, त्याच्यापासून दूर व्हावे.

आता माझी स्वतःची गोष्ट. २००८ साली मी बी. ए. साठी पुण्यात आलो. वडिलांचे भोरच्या बाजारपेठेत शिलाईचे छोटे दुकान. त्यांनी एकेक कपडा शिवून साठवलेले तीन हजार रुपये माझ्या हातात ठेवले होते, खोलीच्या अनामतीसाठी. पहिल्या दिवशी दोन ठिकाणी खोली रिकामी होती. नाव सांगितले, आणि ती रिकामी राहिली नाही. मन खट्टू झाले होते. तेवढ्यात चहाच्या टपरीवर एक गृहस्थ भेटला. त्याने सलाम केला, ‘मी तुमच्याच बाजूचा, शिरवळचा’ म्हणाला, ‘आपल्या माणसाची खोली आहे, आजच पैसे भरा.’ मी भरले. पावती मागायला मला लाज वाटली. दुसऱ्या दिवशी वळकटी घेऊन गेलो तर त्या खोलीत दुसरेच कुटुंब नांदत होते, आणि त्या गृहस्थाचा फोन बंद.

मित्रांनो, मला फसवणाऱ्याने दोन गोष्टी ओळखल्या होत्या. हा मुलगा दारोदार नकार घेऊन आला आहे, आणि याला आपले माणूस हवे आहे. सलाम हा दुवा आहे. ते काही चारित्र्याचे प्रमाणपत्र नव्हे. ‘आधी उंट बांध, मग अल्लाहवर भरवसा ठेव’ या आशयाची शिकवण आपण लहानपणापासून ऐकतो. मी उंट न बांधताच भरवसा ठेवला होता.

पण खरी चूक मी त्यानंतर केली. घरी सांगितले नाही. तीन महिने एका वर्गमित्राच्या खोलीत कोपऱ्यात झोपलो, एक वेळ जेवलो, आणि घरी फोनवर ‘खोली छान आहे’ असे सांगत राहिलो. का? अब्बा म्हणतील, ‘बस झाले शिक्षण, ये दुकानात.’ ईदला घरी गेलो तेव्हा अम्मीने माझ्या शर्टाची कॉलर पाहिली, गालाची हाडे पाहिली आणि सारे ओळखले. अब्बा बराच वेळ काही बोलले नाहीत. मशीन थांबवून म्हणाले, ‘पैसे गेले ते गेले, ते पुन्हा येतील. पण तू तीन महिने एकटा होतास आणि आम्हाला ठाऊक नव्हते, हे वाईट झाले.’ आणि दुसऱ्या दिवशी माझ्याबरोबर पुण्याला आले.

पालकहो, आज मी इथे उभा आहे तो त्या एका वाक्यामुळे. मुलांना आपण दहा सूचना देतो: इकडे जाऊ नको, तिकडे पाहू नको. अकरावी गोष्ट सांगायची राहून जाते. ‘काहीही झाले तरी आधी घरी सांग, सांगितल्यामुळे तुझे शिक्षण बंद होणार नाही.’ हा शब्द तुम्ही दिला नाही तर मुले संकटात तोंड मिटतात, आणि मुलगी तर हटकून मिटते. बसमध्ये कुणी त्रास दिला, कुणी पाठलाग केला, तर ती सांगत नाही, कारण तिला ठाऊक असते की शिक्षा त्या माणसाला होणार नाही, तिला होईल. तिचे कॉलेज सुटेल. वाईट माणसाचे खरे बळ या गप्प बसण्यात असते. घराचे दार सांगण्यासाठी उघडे असेल, तर त्याचे निम्मे बळ तिथेच संपते.

आणखी एक अवघड गोष्ट बोलतो, कारण ती आपल्या मनात असते आणि आपण ती दबक्या आवाजात बोलतो. २ जून २०१४ रोजी हडपसरला, समाजमाध्यमावरच्या आक्षेपार्ह मजकुरावरून तणाव असताना, सोलापूरहून पुण्यात नोकरीला आलेला एक मुस्लिम तरुण रात्री घरी परतताना जमावाच्या मारहाणीत मरण पावला. त्या मजकुराशी त्याचा काहीही संबंध नव्हता. अशी बातमी ऐकली की आईच्या काळजाचे पाणी होते. पण मुलांना घरात कोंडून याचे उत्तर मिळत नाही. शहरात तणाव आहे असे कळले तर त्या दिवशी लवकर खोलीवर परतावे, गर्दी पाहायला जाऊ नये, मोबाईलवर आलेला चिथावणीचा मजकूर पुढे पाठवू नये. आणि बाकीच्या दिवशी वर्गमित्र, शेजारी, खाणावळवाल्या काकू, सर्व जातिधर्मांच्या माणसांशी मोकळेपणाने ओळख ठेवावी. अडचणीच्या रात्री दार उघडणारी माणसे अशाच ओळखीतून मिळतात. ज्या वर्गमित्राने मला कोपरा दिला तो वेल्ह्याचा मराठा शेतकऱ्याचा मुलगा होता.

विद्यार्थी मित्रांनो, आता तुमच्यासाठी काही साध्या गोष्टी. नव्या भागात पहिल्यांदा जायचे ते दिवसाउजेडी आणि शक्यतो सोबतीने. कॉलेज सुरू होण्याआधी एक रविवार वडिलांना किंवा मोठ्या भावाला घेऊन खोली ते कॉलेज ही वाट पायी चाला. पोलीस चौकी, दवाखाना, औषधाचे दुकान, बसचा थांबा मनात टिपून ठेवा. शेवटची बस किती वाजता सुटते ते आधी विचारा, मगच रात्रीचा कार्यक्रम ठरवा. मोबाईल रस्ता दाखवतो, पण त्याची बॅटरी संपते. घरचे, खोलीमालकाचे आणि एका मित्राचे असे तीन क्रमांक कागदावर लिहून खिशात ठेवा. सगळे पैसे एका खिशात ठेवू नका. पावतीशिवाय अनामत देऊ नका, मग समोरचा कितीही आपला असो.

शहरात आपल्याला रोजचे भय गुंडाचे नाही, वाहनाचे आहे. मोबाईलमध्ये डोके घालून रस्ता ओलांडू नका, आणि मित्राच्या दुचाकीवर मागे बसतानाही हेल्मेट घाला.

संकट आले तर ११२ हा क्रमांक फिरवा. अठरा वर्षांच्या आतील मुलांसाठी १०९८ आहे. आणि एक कायद्याची गोष्ट पालकांनी लक्षात ठेवावी. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेप्रमाणे गुन्हा कोणत्याही हद्दीत घडला असला तरी दखलपात्र गुन्ह्याची खबर कोणत्याही पोलीस ठाण्यात देता येते. म्हणजे पुण्यात काही घडले आणि मुलगी घरी आल्यावर बोलली, तर भोरच्या ठाण्यातही जाता येते. ‘आता काय उपयोग’ असे म्हणून गप्प बसू नये.

आपल्या संस्थेलाही एक सूचना करतो. आपले माजी विद्यार्थी पुण्यात शिकतात, नोकऱ्या करतात. दरवर्षी जून महिन्यात त्यांच्यापैकी दोन-चार जणांनी, त्यात एक-दोन मुली असाव्यात, नव्या मुलांना एक दिवस शहर दाखवावे. स्वारगेट, कॅम्प, अप्पा बळवंत चौक, कॉलेजे, वसतिगृहे, भरवशाच्या खोल्या. याला फार खर्च नाही. २००८ साली मला असे कुणी भेटले असते तर माझ्या वडिलांचे तीन हजार रुपये वाचले असते.

पुणे आपल्याला परके नाही. त्या शहराला पाणी जाते त्यात आपल्या वेल्ह्यातल्या पानशेतचे पाणी आहे. पाण्याबरोबर आपली मुलेही तिथवर पोचावीत, तिथल्या वाटा ओळखावीत, आणि शिकून सवरून आपल्या माणसांत परत यावीत. जाताना त्यांच्या हातात पैसे थोडे असले तरी चालतील. ‘काही झाले तर घरी सांगता येते’ हा विश्वास मात्र पुरेपूर बांधून द्या.



खुदा हाफिज. जय हिंद, जय महाराष्ट्र.