भूलतज्ज्ञाने संशोधन करायचे तर



आपण नांदेडला जमलो आहोत. हा मुलूख एके काळी निजामाच्या राज्यात होता आणि आपल्या विषयातले एक जगभर गाजलेले संशोधन त्याच राज्याच्या राजधानीत झाले. क्लोरोफॉर्मखाली रुग्ण दगावतो तो श्वास थांबल्याने की हृदय थांबल्याने, यावर तेव्हा मोठा वाद होता. हैदराबादचे रेसिडेन्सी सर्जन एडवर्ड लॉरी यांच्या पुढाकाराने १८८८ मध्ये पहिले क्लोरोफॉर्म कमिशन बसले. त्याच्या निष्कर्षांवर ‘लॅन्सेट’ने शंका घेतली. तेव्हा निजामाने एक हजार पौंड देऊन ‘लॅन्सेट’चाच प्रतिनिधी, लॉडर ब्रंटन, हैदराबादला बोलावून घेतला. १८८९ मध्ये शेकडो प्राण्यांवर प्रयोग झाले. रूपाबाई फर्दुनजी ही हैदराबाद मेडिकल स्कूलची विद्यार्थिनी त्या कामात होती. जगातल्या अगदी पहिल्या स्त्री भूलतज्ज्ञांमध्ये आज तिचे नाव घेतले जाते.

आधी श्वास थांबतो, म्हणून नजर श्वासावर ठेवा, असा निर्वाळा कमिशनने दिला. श्वासावर नजर ठेवण्याचा सल्ला चांगलाच होता. पण १९११ मध्ये गुडमन लेव्ही यांनी दाखवून दिले की हलक्या क्लोरोफॉर्मखाली थेट व्हेंट्रिक्युलर फिब्रिलेशन होऊन मृत्यू येऊ शकतो. हैदराबादेत पैशाची कमतरता नव्हती, मेहनतीची तर नव्हतीच. लॉरी मात्र उत्तराविषयी आधीच ठाम होते. आपले मत खोटे ठरू शकेल असा प्रयोग आखणे हे शिकावे लागते. म्हणून अनुदानाविषयी बोलण्याआधी मी प्रशिक्षणाविषयी बोलणार आहे.

आपल्या पीजी विद्यार्थ्यांचे थीसिस पाहा. स्पायनलमध्ये हे औषध मिसळले आणि ते मिसळले, दोन गट, ब्लॉक किती वेळ टिकला. सिनॉप्सिसची तारीख डोक्यावर आली की मागच्या बॅचचा विषय थोडा बदलून पुढे जातो. याचा दोष मी रेसिडेंटला देत नाही. त्याला प्रश्न शोधायला कोणी शिकवलेच नाही. चेन्नईच्या नॅशनल इन्स्टिट्यूट ऑफ एपिडेमिऑलॉजीचा संशोधनपद्धतीचा ऑनलाइन कोर्स पीजींना सक्तीचा झाला, हे योग्यच झाले. पण तो सर्टिफिकेटपुरता उरू नये. कोर्समधल्या प्रत्येक धड्यानंतर गाइडने विद्यार्थ्यासोबत बसून त्याचा स्वतःचा विषय तपासायला हवा.

प्रश्नांना आपल्याकडे तोटा नाही. मण्यार चावलेला रुग्ण पहाटे येतो, त्याला श्वास घेता येत नाही, तो कित्येक तास आपल्या व्हेंटिलेटरवर असतो. नंदुरबार-गडचिरोलीत सिकल सेलच्या रुग्णाला भूल द्यावी लागते. हिमोग्लोबिन घसरलेल्या बाळंतिणीला सिझेरियनसाठी स्पायनल द्यावे लागते आणि रक्तपेढी दुसऱ्या तालुक्यात असते. या रुग्णांविषयीची आकडेवारी बोस्टन किंवा लंडन आपल्याला देणार नाही.

आता पैसा. तो मिळतच नाही, ही समजूत सोडून द्या. एमबीबीएसच्या मुलांसाठी आयसीएमआरची शॉर्ट टर्म स्टुडंटशिप १९७९ पासून चालू आहे. आपल्या विभागाकडे किती मुले पाठवली जातात, हे प्रत्येक विभागप्रमुखाने पाहावे. पीजी थीसिसला आयसीएमआर अर्थसाहाय्य देते. अध्यापकांसाठी तिचे छोटे प्रकल्प अनुदानच २ कोटी रुपयांपर्यंत जाते. जैवतंत्रज्ञान विभाग आणि वेलकम ट्रस्ट यांची इंडिया अलायन्स २००८ पासून डॉक्टर-संशोधकांना फेलोशिप देते. फ्रीलान्स करणाऱ्या सहकाऱ्यांची अडचण मला ठाऊक आहे. अर्जामागे संस्था लागते, एथिक्स कमिटी लागते, आणि एका नर्सिंग होममधून दुसऱ्याकडे धावणाऱ्या माणसाकडे दोन्ही नसते. त्यांना जवळच्या वैद्यकीय महाविद्यालयाशी जोडून देणे हे आपल्या संघटनेचे काम आहे.

पैशाहून अवघड गोष्ट वेळेची. शल्यविशारदाची लिस्ट संपली की तो मोकळा होतो. आपण मात्र रिकव्हरीत, आयसीयूत, लेबर रूममध्ये असतो. अनुदान मिळालेल्या अध्यापकाला आठवड्यातून एक पूर्ण दिवस ओटीतून सूट मिळाल्याशिवाय ते अनुदान कागदावरच राहील. हा दिवस महाविद्यालयांनी लेखी आदेशाने द्यावा, अशी मागणी मी या व्यासपीठावरून करतो.

ब्रिटनमध्ये भूलतज्ज्ञांच्या संघटनांनी आणि नियतकालिकांनी २००८ मध्ये नॅशनल इन्स्टिट्यूट ऑफ अकॅडमिक अॅनेस्थेशिया उभी केली आणि अनुदानाची छाननी एकत्र सुरू केली. त्याच सुमारास त्यांच्या चौथ्या राष्ट्रीय ऑडिटने वर्षभर श्वासमार्गाच्या गंभीर गुंतागुंती नोंदवल्या. कुठलेही नवे औषध नव्हते. प्रत्येक रुग्णालयात नोंद ठेवणारा एक भूलतज्ज्ञ होता. २०११ च्या अहवालातून दिसले की आयसीयूतल्या अनेक मृत्यूंमागे कॅप्नोग्राफी न वापरणे हे एक कारण होते. त्यानंतर आयसीयूतल्या कॅप्नोग्राफीचा आग्रह कोणाला नाकारता आला नाही.

हे आपल्यालाही जमण्यासारखे आहे. सिझेरियनच्या वेळी भुलेमुळे उद्भवणाऱ्या गंभीर गुंतागुंती हा एकच विषय घेऊ. एक पानी नोंदपत्र, एथिक्स कमिटीची परवानगी, रुग्णाचे नाव कुठेही नाही, आणि चूक शोधून कोणाला शिक्षा करण्याचा हेतूही नाही. परिषदांच्या भोजनावळींवर आपण जो खर्च करतो त्यातला काही भाग वळवला तरी सुरुवातीचा निधी उभा राहील. आजच्या सर्वसाधारण सभेत मी हा ठराव मांडणार आहे. आपल्या जिल्ह्यात ही नोंद ठेवण्याची जबाबदारी घेणाऱ्यांनी सभेपूर्वी सचिवांकडे आपले नाव द्यावे, ही माझी विनंती.