सारांशातून गळालेली बहीण

मैत्रिणींनो, घनसावंगीच्या शिबिरासाठी मी एक शॉर्टकट मारला, त्याची ही हकिकत.

कौटुंबिक हिंसाचार कायदा 2005 चा. कलमं 37. नव्या कार्यकर्त्या पहिल्या पानालाच अडतात. म्हणून सगळा मजकूर एआय चॅटबॉटला दिला आणि म्हटलं, दहावीपर्यंत शिकलेल्या बाईला कळेल असं एका पानात सांग. मिनिटाच्या आत पान तयार. भाषा सोपी, आपल्या पत्रकांपेक्षा बरीच सोपी!

शिबिरात ते मोठ्यानं वाचलं. एकीनं विचारलं, "ताई, यात नुसती बायकोच आहे. माझी विधवा बहीण माहेरी राहायची, भावांनी हाकललं. तिचं काय?"

मूळ कायदा उघडला. कलम 2 मध्ये रक्ताचं नातं, लग्न, लग्नासारखं नातं, दत्तक, एकत्र कुटुंब, सगळं आहे. कलम 17 नुसार सामायिक घर तिच्या नावावर नसलं तरी तिथं राहायचा तिला हक्क आहे. कायद्यातल्या 'पीडित व्यक्ती'ची सारांशात 'पत्नी' झाली होती. एका शब्दात किती जणी गळाल्या!

शिवाय सासऱ्याच्या मालकीचं घरही सामायिक घर ठरू शकतं, हे सर्वोच्च न्यायालयानं 2020 मध्ये सांगितलं. ते मूळ कायद्यात नाही, मग सारांशात कुठून येणार?

सारांश मी टाकून दिलेला नाही. त्यामुळेच त्या दिवशी बाया वाचायला बसल्या. आता प्रत्येक वाक्यापुढे कलमाचा आकडा लिहितो, दोघी जणी मूळ पुस्तकाशी ताडून बघतात. कुणा बाईचं नाव, जबाब मात्र त्यात टाकायचा नाही, हे आम्ही ठरवलंय.

त्या बहिणीचा कलम 12 खालचा अर्ज लिहून झालाय.